अंबाजोगाईची जमीन आणि 'बाहेरचा' मालक : दोनशे वर्षांचा हिशोब

आजचा भाग जमिनीवरचा आहे. पण किल्ला, लढाई, तह असं काही नाही. साधा प्रश्न घेऊ: अंबाजोगाईच्या शिवारात एखाद्या 'बाहेरच्या' माणसाला जमीन घेता येते का? घेतली तर ठेवता येते का? आणि मुळात बाहेरचा म्हणजे कोण?

प्रश्न आजचा वाटतो. मुलगा टेक्सासला, आई-वडील गावाकडे, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव. पुढे काय, असं विचारणारी घरं मराठवाड्यात आता तालुक्या-तालुक्याला सापडतात. पण या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि गंमत अशी, की या दोनशे वर्षांत 'बाहेरचा' या शब्दाचा अर्थ किमान पाच वेळा बदलला. माणूस जागचा हलला नाही, तरी कायद्याने त्याला परका केलं, असंही झालं. तर सुरुवातीपासून बघू.

एका गावाची दोन नावं

अंबाजोगाईची ओळख बहुतेकांना योगेश्वरी देवी, आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्यामुळे असते. त्याच्याही मागे गेलो तर यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर आणि त्याच्या काळातले शिलालेख. पण जुने महसुली कागद उघडले की दुसरंच नाव समोर येतं: मोमिनाबाद. निजामाच्या राज्यात तालुक्याचं नाव हेच. शिवाय इथे लष्करी छावणी होती. हैदराबाद कंटिन्जंट नावाची जी फौज होती, तिच्या घोडदळाचं मोमिनाबाद हे एक ठाणं. जालना, औरंगाबाद, हिंगोली, एलिचपूर, बोलारम ही तिचीच इतर ठाणी.

ही फौज नावाने निजामाची, पगार निजामाच्या तिजोरीतून, पण अधिकारी इंग्रज. तिचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहात वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे मुलूख निजामाला इंग्रजांच्या हवाली करावे लागले. पैकी धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र गेलं ते गेलंच. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली.

म्हणजे एकोणिसाव्या शतकात अंबाजोगाईत गोरे साहेब राहत होते, बंगले होते, बागा होत्या. मग त्यांच्या नावावर जमीन होती का?

गोऱ्यांनाच बंदी

इथे आपल्या मनातलं एक चित्र बाजूला ठेवावं लागतं. आपल्याला वाटतं, इंग्रज आले आणि वाटेल तिथे जमिनी घेतल्या. कंपनीच्या काळात नियम नेमका उलटा होता. कंपनीला खासगी गोरे लोक देशात मोकाट फिरायला, जमिनी घ्यायला नकोच होते. त्यांनी रयतेला त्रास दिला की निस्तरावं लागे कंपनीला. म्हणून परवाना लागे. १८३३ च्या सनदी कायद्याने ही वाट मोकळी केली आणि १८३७ च्या चौथ्या कायद्याने कंपनीच्या मुलखात ब्रिटिश प्रजाजनांना जमीन कायमची धारण करता येईल असं ठरलं. पण नीट बघा, कंपनीच्या मुलखात. निजामाचा मुलूख कंपनीचा नव्हता. म्हणजे नगर जिल्ह्यात जे चाललं असतं, ते सीमा ओलांडून बीडमध्ये आलं की चालेलच असं नाही.

संस्थानिकांशी पैशाचा व्यवहार करायलाही आडकाठी होती. १७९७ चा ब्रिटिश पार्लमेंटचा एक कायदा होता: ब्रिटिश प्रजाजनाने परवानगीशिवाय देशी राजांना कर्ज द्यायचं नाही. या कायद्याभोवती हैदराबादेत मोठं प्रकरण झालं, ते म्हणजे विल्यम पामर आणि कंपनी.

हा पामर अर्धा इथला. वडील जनरल विल्यम पामर, जे काही वर्षं पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते. आई फैजबख्श बेगम. मुलगा निजामाच्या फौजेत होता, पुढे त्याने पेढी काढली. पेढी निजाम सरकारला कर्ज देई, औरंगाबाद आणि वऱ्हाडकडच्या फौजेचे पगार वेळेवर भागवी, आणि बदल्यात त्या-त्या भागाचा वसूल पेढीकडे लावून दिला जाई. सातबारा पामरच्या नावावर नाही, पण शेतातलं उत्पन्न पामरच्या पेढीत. मालकी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न इथेच सुरू होतो.

१८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी पेढीला त्या कायद्यातून सूट दिली. पेढीतला एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हा हेस्टिंग्जच्या घरातल्यासारखा. १८२० मध्ये साठ लाखांचं कर्ज झालं, त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हिशोब तपासायला घेतले. शेवटी व्यवहार बंद पाडले गेले आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. पामर मात्र हैदराबाद सोडून गेला नाही. १८६७ मध्ये तो तिथेच वारला.

या प्रकरणातून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. परवानगीवर उभा असलेला हक्क परवानगी देणाऱ्याइतकाच टिकतो. साहेब बदलला की हक्क गेला.

अरब जमादार आणि छावणीतले बंगले

पामर एकटाच नव्हता. निजामाच्या फौजेत हद्रमौतकडून आलेले अरब होते. त्यांचे जमादार सरकारला कर्ज देत आणि तारण म्हणून तालुकेच्या तालुके वसुलीसाठी ताब्यात ठेवत. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले, तेव्हा त्यांच्यापुढचं पहिलं मोठं काम होतं हे गहाण पडलेले मुलूख सोडवणं. कर्ज फेडून, वाटाघाटी करून त्यांनी ते बरंचसं केलं, आणि त्यानंतर जिल्हे, तालुके, पगारी अधिकारी अशी घडी बसली. आज आपण ज्याला बीड जिल्हा म्हणतो, त्याची कारभाराची चौकट या सुधारणांमधून आली.

आता छावणी. छावणीतला बंगला ही मोठी फसवी वस्तू. भिंती, छप्पर, फर्निचर साहेबाचं. खालची माती त्याची नाही. बंगाल लष्करासाठी १८३६ मध्ये निघालेल्या हुकमात हे स्पष्टच लिहिलं होतं: बांधायला परवानगी आहे, जमिनीवर हक्क नाही. सरकारने महिन्याची नोटीस द्यायची, बांधकामाची किंमत द्यायची आणि जागा घ्यायची. देशभरातल्या जुन्या छावण्यांमध्ये आजही 'ओल्ड ग्रँट' बंगल्यांचे खटले चालतात ते यामुळेच. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खरेदीखतं केली, पण विकलं काय? फक्त भिंती. संस्थानी मुलखातल्या छावणीत तर आणखी एक पदर: जमीन निजामाच्या राज्यातली, हुकूम लष्करी साहेबाचा.

कोकणातला भक्त परका

आता गोऱ्यांना सोडू, आपल्या माणसांकडे येऊ. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता. रत्नागिरीकडची, पुण्याची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या अंबाजोगाईला दर्शनाला येतात. पण १९४८ पर्यंत हा प्रवास दुसऱ्या राज्यातला होता. वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. खिशातले रुपये कलदार, इथे चालणारे हाली सिक्का. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली असा भाव. कचेरीची भाषा उर्दू, वर्ष फसली. १३४९ फसली म्हणजे १९३९-४०, फसलीत ५९० मिळवा की इसवी सन येतं. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी हे सूत्र लिहून ठेवा.

तर कुलदेवता इथली, भाषा मराठी, पण कागदावर परमुलखातला. निजामाच्या राज्यात त्यासाठी शब्दच होता: गैरमुलकी. मुलकी म्हणजे राज्यातला रहिवासी. १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या मुलकींसाठी राखल्या. पंधरा वर्षं कायमचं वास्तव्य आणि परत जायचा इरादा सोडलेला, अशी बाहेरून आलेल्यासाठी अट. हा नियम नोकरीचा होता, जमिनीचा नव्हता. पण 'आपला कोण' हे ठरवायची पद्धत त्यात दिसते: जात नाही, भाषा नाही, तर वास्तव्य आणि इरादा. हे दोन शब्द लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहेत.

अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत ज्यांनी मुलांना घडवलं आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं, त्या स्वामी रामानंद तीर्थांचा जन्मही सीमेपलीकडचा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. आज अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे.

'शेतकरी' ही नवी सीमा

जमिनीचा खरा नियम आला तो सावकारीतून. मंदीच्या काळात शेतकऱ्यांच्या जमिनी झपाट्याने सावकारांकडे जाऊ लागल्या. पंजाबात १९०० मध्ये यावर कायदा झाला होता. हैदराबादेतही त्याच धर्तीवर पावलं पडली आणि १३४९ फसलीत शेतजमीन हस्तांतरणाला आळा घालणारा कायदा झाला. सूत्र असं: शेती करणाऱ्याची जमीन शेती न करणाऱ्याकडे कायमची जाऊ नये.

इथे सीमा बदलली. आतापर्यंत परका म्हणजे दुसऱ्या मुलखातला. आता परका म्हणजे शेतकरी नसलेला, मग तो शेजारच्या गल्लीतला का असेना.

१९४८ नंतर : एका रात्रीत परके

१७ सप्टेंबर १९४८. हैदराबाद भारतात आलं. पुढच्या सात-आठ वर्षांत मालकीची सगळी इमारत पाडून पुन्हा बांधली गेली. १९४९ मध्ये जहागिरी संपल्या, निजामाची खासगी सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाली. १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. १९५४ मध्ये इनामं रद्द करणारा कायदा.

कूळ कायद्याने सगळ्यात मोठा फटका दिला तो गावात न राहणाऱ्या मालकाला. जमीन कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून नोंदवलं गेलं आणि पुढे कलम ३८-ई खाली अशा कुळांकडे मालकी गेली. हैदराबादेत किंवा पुण्यात बसून खंड खाणाऱ्याला कळेपर्यंत नाव बदललं होतं. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या राबून खाल्लं त्याला मात्र पहिल्यांदा स्वतःची जमीन मिळाली. हा न्याय की अन्याय, हे तुम्ही बांधाच्या कोणत्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं.

आणि एक गट असा, ज्यांच्यासाठी शब्दच नवा आला: निष्क्रांत. फाळणीच्या उलथापालथीत १ मार्च १९४७ नंतर जे पाकिस्तानात गेले, त्यांची मालमत्ता १९५० च्या कायद्याने सरकारच्या अभिरक्षकाकडे गेली. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानी नागरिकांच्या मालमत्तेला 'शत्रू मालमत्ता' हे नाव मिळालं, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने तर वारसांचाही रस्ता बंद केला. वारस भारतीय नागरिक असला तरीही. एक भाऊ कराचीला, एक भाऊ इथे, आणि सातबाऱ्यावर दोघांचं नाव, अशा कुटुंबांसाठी ही नुसती कायद्याची ओळ नाही.

आज कोणता कायदा लागतो?

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. महसुलासाठी १९६६ ची एकच संहिता आली. पण कूळ कायदे तीन राहिले: पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, मराठवाड्याला १९५० चा, विदर्भाला १९५८ चा. त्यामुळे यूट्यूबवर कुणी कलम ६३ सांगत असेल तर तो पश्चिम महाराष्ट्राचं बोलतोय. अंबाजोगाईत बघायचं ते हैदराबाद कायद्याचं कलम ४७. सार एकच: शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. दादरच्या फ्लॅटमालकालाही नाही.

त्यावर दुसरा थर दिल्लीचा. १९७३ चा परकीय चलन कायदा, ज्याला फेरा म्हणत. त्याच्या कलम ३१ प्रमाणे परदेशी नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय स्थावर घेता वा देता येत नसे. बंगळुरातल्या एका परदेशी विधवेने १९७७ मध्ये परवानगी न घेता मालमत्तेचा काही भाग बक्षीस दिला. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये निकाल आला: व्यवहार टिकत नाही. चव्वेचाळीस वर्षांनी! पामरची गोष्ट आठवली ना?

२००० पासून फेमा लागू आहे. त्याचे नियम सोप्या भाषेत सांगतो.

एक. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात घर, दुकान घेऊ शकतो. शेतजमीन, फार्महाऊस, मळे मात्र नाही.

दोन. बक्षीसपत्राने शेतजमीन घेणंही चालत नाही. वडिलांनी प्रेमाने अमेरिकेतल्या मुलाच्या नावे शेताचं बक्षीसपत्र केलं, तर अडचण झालीच. तीच जमीन वारसाहक्काने आली तर चालते. म्हणजे हयातीत दिलेलं अडतं, मागे राहिलेलं टिकतं. भावंडांची हक्कसोडपत्रं, वाटण्या यांत बारकावे आहेत, तिथे सही करण्याआधी वकील गाठाच.

तीन. वारशाने आलेली शेतजमीन विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच. आणि तो मराठवाड्याच्या कायद्याने शेतकरीही हवा. दोन्ही चाळण्या लागतात.

चार. भारतीय वंशाचा नसलेला परदेशी माणूस. त्याला 'भारतात निवासी' ठरावं लागतं. गोव्यात अनेकांनी वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त राहून घरं घेतली. केंद्राला २००९ मध्ये जाहीर सांगावं लागलं, की नुसते दिवस मोजून भागत नाही, पर्यटक व्हिसावर आलेला निवासी होत नाही, राहण्याचा इरादाही दिसला पाहिजे. वास्तव्य आणि इरादा! मुलकी नियमातलेच दोन शब्द, नव्वद वर्षांनी पुन्हा.

कागद कुठे अडतो

आता इतिहास गावपातळीवर आणू. मराठवाड्यातली जमीन असेल तर फक्त आजचा सातबारा बघून थांबू नका. १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक काढा. कूळ कोण होतं, जमीन इनाम होती का, हे तिथे कळतं. मदतमाश, खिदमतमाश असे शब्द दिसले तर थांबा. पहिलं उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम, दुसरं देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेलं. अशा जमिनी भोगवटादार वर्ग दोनमध्ये असू शकतात, आणि सेवेची जमीन तर सेवा करणाऱ्याची स्वतःची नसतेच. हे कागद उर्दूत, काही मोडीत. वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा या जुन्या दप्तरांची किंमत सगळ्या महाराष्ट्राला कळली.

वारस नोंद लगेच करा. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. नोंद सहा-क च्या रजिस्टरला, मग फेरफार, नोटीस, आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. दोन पिढ्या राहिली की सह्यांसाठी चार देश गाठावे लागतात. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र वकिलातीतून साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेलं हवं, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं.

आणि बटईचं काय? कूळ कायद्याची भीती अजून इतकी, की बहुतेक व्यवहार तोंडी होतात. मालकाला वाटतं, लिहून दिलं तर कूळ लागेल. त्यात नुकसान दोघांचं. कसणाऱ्याला पीककर्ज आणि भरपाई मिळायला अडचण, मालकाकडे पुरावा नाही. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवरून शेतात उभं राहून करायची असते. म्हणजे न्यू जर्सीतून ते होणार नाही. गावात विश्वासाचा माणूस लागतोच. कायदा कितीही बदलला तरी दूर राहणाऱ्या मालकाची मदार शेवटी शेजारच्या बांधावरच्या माणसावर.

तर परका कोण?

कंपनीसाठी परका म्हणजे परवाना नसलेला गोरा. निजामासाठी गैरमुलकी. १९३९ नंतर शेतकरी नसलेला. १९५० मध्ये गावात न राहणारा आणि देश सोडून गेलेला. आज भारताबाहेर राहणारा. प्रत्येक वेळी नियमामागे खरी भीती होती: रयतेची जमीन पैसेवाल्याच्या घशात जाईल. आणि प्रत्येक वेळी चाळणीत काही आपलीच माणसं अडकली.

या सगळ्यात ज्यांची जमीन टिकली, त्यांच्यात दोन गोष्टी समान दिसतात. त्यांनी वेळेवर नोंद केली, आणि गावाशी येणं-जाणं ठेवलं. तुमच्या घरात आजोबांची पेटी असेल तर या सुट्टीत उघडा. फसली साल दिसलं तर ५९० मिळवा. आणि वडीलधारी मंडळी आहेत तोवर विचारून घ्या, कुठलं शेत कुणाकडून आलं ते. ती माहिती कुठल्याच संकेतस्थळावर नाही.